सुरुवात भंगारवाल्यापासून: लहान शहरात घरोघरचा सुका कचरा मार्गी लावताना

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आता बालवाडीतल्या मुलांनाही पाठ आहे. घंटागाडीवरचा भोंगा रोज सकाळी तेच सांगत गल्लीतून फिरतो. तरीही लहान शहरांत गाडी आली की कितीतरी घरांतून एकच पिशवी बाहेर येते. खाली मेथीची देठं, मध्ये दुधाची पिशवी, वर आमटी सांडलेला कागद. त्या पिशवीतली दुधाची पिशवी आणि कागद दोन्ही विकले जाण्यासारखे होते. मेथीची देठं त्यांच्यावर रात्रभर गळली आणि दोन्ही मातीमोल झाले.

आपल्या गल्लीत, सोसायटीत किंवा प्रभागात हे बदलावं असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सहसा अशा कामाची सुरुवात पत्रकं, फेरी, भाषण आणि डबेवाटप यांनी होते. महिनाभर उत्साह टिकतो, मग सगळं पूर्वपदावर येतं. लोक आळशी असतात म्हणून असं होत नाही. त्यांनी वेगळं केलेलं पुढे कुठे जाणार, हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून होतं. वेगळं केलेलं डोळ्यांदेखत पुन्हा एकत्र झालं की माणूस दुसऱ्यांदा कष्ट घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी शेवटचा माणूस गाठा, मग मधली सोय करा, आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या दारावर थाप मारा.

आधी भंगाराचं दुकान

प्रत्येक तालुक्याच्या गावात भंगाराची दोन-चार दुकानं असतातच. बहुधा बायपासच्या कडेला, नाहीतर जुन्या नाक्याजवळ. दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी कमी असते. हातात काही विकायला घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं. महिन्याची रद्दी पुरेशी आहे.

तिथे थोडा वेळ थांबून नुसतं पाहा. वर्गीकरण म्हणजे काय, ते कुठल्याही चित्रफितीपेक्षा इथे जास्त कळेल. कामगार बाटली उचलतो, अंगठ्याने दाबतो, कधी जमिनीवर आपटून आवाज ऐकतो आणि न बघता बरोबर ढिगात फेकतो. पाण्याच्या बाटल्यांचा ढीग वेगळा. शाम्पू, तेल, फिनेलच्या जाड बाटल्यांचा वेगळा. मोडक्या बादल्या, मग, खुर्च्या आणखी वेगळ्या. दुधाच्या पिशव्यांचं पोतं निराळं. कागदातही वर्तमानपत्र एकीकडे, वह्या-पुस्तकं दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. धातूंत पत्रा, लोखंड, तांबं, पितळ, आणि ज्याला भंगारवाले ‘जर्मन’ म्हणतात ते अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि दोन प्रकार मिसळले की भाव सगळ्यात हलक्या प्रकाराचा लागतो. घरात सगळं एकत्र ओलं-खरकटं झालं तर भावच लागत नाही.

मालकाला चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या. काय काय घेता? काय अजिबात घेत नाही? किती वजन जमलं तर गल्लीत येऊन उचलाल? माल कसा हवा: धुतलेला, सपाट केलेला, झाकण काढून की झाकणासह? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हा माणूस पुढे ज्या मोठ्या व्यापाऱ्याला माल देतो, त्याला जे चालतं तेच इथे चालणार. दोन दुकानांची उत्तरंही वेगळी निघतात. एकाला काच नकोच असते, दुसरा आनंदाने घेतो.

तिसऱ्या प्रश्नामागे एक साधं गणित आहे. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीचं वजन जेमतेम तीन ग्रॅम. म्हणजे किलो भरायला तीनशेहून जास्त पिशव्या हव्यात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला त्यासाठी पाच-सहा महिने लागतील. एवढे दिवस पिशव्या धुऊन साठवायला कुणाचीच तयारी नसते, आणि चार पिशव्यांसाठी भंगारवालाही दारात येणार नाही. पण तीस घरांनी जमवल्या तर तोच किलो आठवड्याच्या आत भरतो. पाण्याची एक लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची. तिथेही हिशोब तोच. एकट्या घराचा सुका कचरा हा कचराच राहतो, गल्लीचा झाला की त्याला माल म्हणता येतं.

नगरपरिषदेत काय विचारायचं

दुसरी फेरी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात. स्वच्छता निरीक्षकांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. आपल्या प्रभागात घंटागाडी किती वाजता येते, तिच्यात ओल्या-सुक्यासाठी वेगळे कप्पे आहेत का, सुका कचरा पुढे कुठल्या केंद्रावर निवडला जातो, ओल्याचं खत होतं का, घातक कचरा कधी घेतात. खत होत असेल तर थोडं विकत मागा. सरकारने ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ या नावाने शहरांच्या कचऱ्यापासून झालेल्या खताला ओळख दिलेली आहे. आपल्याच कचऱ्याचं खत कुंडीत घालायला मिळालं की शेजाऱ्यांना पटवायला वेगळं भाषण लागत नाही.

नियम काय सांगतात तेही माहीत असू द्या. २०१६च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणं बंधनकारक केलं, आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायला नगरपरिषदांना सांगितलं. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे औषधं, दिवे, रंगाचे डबे असा आधी घातक म्हटला जाणारा. अधिकाऱ्यांशी बोलताना नियम तोंडावर फेकायचे नसतात. पण आपण उगाच काही मागत नाही, एवढं त्यातून कळतं.

‘आपल्याएवढ्याशा गावात हे कसं व्हायचं?’ असं कुणी म्हणालं तर त्याला वेंगुर्ल्याचं सांगा. सिंधुदुर्गातलं हे बारा-तेरा हजार वस्तीचं शहर. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घरोघरचा कचरा वेगवेगळा घेणं सुरू झालं, आणि जिथे जाताना नाकाला रुमाल लावायचा त्या कचरा डेपोची जागा बाहेरगावचे लोक मुद्दाम येऊन बघू लागले. एक लाखाच्या आतल्या शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०ला कराड, २०२१ला विटा, २०२२ला पाचगणी आणि २०२३ला सासवड देशात पहिलं आलं. चारही आपल्याकडच्या नगरपरिषदा. गोव्यात पणजी महापालिकेने सुक्या कचऱ्याचे सोळा भाग करण्यापर्यंत मजल मारली. मोठ्या शहरात गाडीवरचा माणूस आणि घरातली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. लहान शहरात ते नावानिशी ओळखतात, अधिकारी बाजारात भेटतात, नगरसेवक लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. हे आपलं बळ आहे, ते वापरा.

याच टप्प्यावर आणखी एक बोलणं उरकून घ्या, आणि ते सगळ्यात नाजूक आहे. घंटागाडीवरची माणसं आणि पहाटे फिरणाऱ्या कचरावेचक बाया सुक्या कचऱ्यातून बाटल्या, पुठ्ठा, पत्रा वेचून विकतात. त्यावर त्यांचं घर चालतं, निदान हातखर्च तरी चालतो. तुम्ही गल्लीचा सगळा चांगला माल परस्पर भंगारात घातलात तर त्यांच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून त्यांना आधी सांगा, आणि शक्य असेल तर सगळं काम त्यांच्याच हातून करा. गल्लीने माल वेगळा आणि कोरडा करून द्यायचा, तो न्यायचा आणि विकायचा त्यांनी. उकिरड्यात हात घालून वेचण्यापेक्षा त्यांना कमी वेळात जास्त मिळतं, तुम्हाला वाहतुकीची चिंता राहत नाही. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३पासून हेच मांडत आली आहे की या बाया शहराचं काम करतात. त्यांच्याशी ‘मावशी, हे तुमच्यासाठी ठेवलंय’ असं बोला आणि पिशवी हातात द्या, लांबून फेकू नका.

आपल्या ओट्याखाली

आता घर. इथे सुक्यापासून सुरुवात करावीशी वाटते, पण ओल्याचा बंदोबस्त आधी करा. चौघांच्या घरात रोज साधारण किलो-सव्वा किलो कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ओला असतो. तो बाजूला झाला की उरलेल्याला वास येत नाही, माश्या बसत नाहीत, मुंग्या लागत नाहीत. मग सुका कचरा महिनाभर घरात राहिला तरी कुणाची कुरकुर नसते.

अंगणात, गच्चीत किंवा खिडकीच्या सज्जात दोन बादल्या बसतील एवढी जागा असेल तर खत घरीच करा. वीस लिटरच्या जुन्या बादलीला बुडाशी आणि कडेने तापलेल्या सळईने भोकं पाडायची. ती दोन विटांवर ठेवायची, खाली थाळी. बुडाला वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या किंवा भुसा यांचा चार बोटं थर. त्यावर रोजचा ओला कचरा, जमेल तितका बारीक करून, आणि प्रत्येक वेळी त्यावर मूठ-दोन मुठी सुका पाला. सुरुवातीला विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक किंवा शेजारच्या तयार खतातली दोन मुठी. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करायचं. बादली भरली की झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिन्यांत, पहिल्यात काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत तयार असतं.

बिघडलं तर कारण ओळखणं सोपं आहे. घाण वास आला, पाणी सुटलं, म्हणजे ओलावा जास्त झाला. सुका पाला वाढवा आणि हलवा. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलं, पाणी शिंपडा. पांढरट, जाड अळ्या दिसल्या तर घाबरून बादली ओतून देऊ नका. त्या कचरा खातात, माणसाला काही करत नाहीत; पाला जास्त घातला की कमी होतात. लिंबाच्या साली थोड्याच घाला. अंड्याची टरफलं चुरून. मासळीचा आणि मटणाचा कचरा या बादलीत नको. तो गाडीत द्या किंवा अंगण असेल तर हातभर खोल पुरा, नाहीतर कुत्री-मांजरं उकरतात. देवाची फुलं चालतात, मात्र हाराचा दोरा आधी काढा.

पाला कुठून आणायचा? आपल्याकडे थंडीत सकाळी रस्त्याकडेला पालापाचोळा पेटवलेला दिसतो. नेमका तोच पाला. झाडणाऱ्या ताईंना सांगून दोन पोती भरून घ्या, वर्षभर पुरतील. जाळला असता तर त्यात अडकलेलं प्लास्टिकही जळालं असतं आणि तो धूर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत गेला असता. घरी खत जमणार नसेल तर हरकत नाही. ओला कचरा पिशवीत न बांधता उघड्या डब्यातून थेट गाडीच्या ओल्या कप्प्यात ओता. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलेल्या ओल्या कचऱ्याची पिशवी पुढे कुणालातरी हाताने फाडावी लागते.

सुकं म्हणजे धुतलेलं आणि वाळलेलं

सुक्यासाठी महागडे डबे घ्यायची गरज नाही. मागच्या दाराला, जिन्याखाली किंवा माळ्यावर एक मोठं पोतं पुरतं. कागद मात्र त्यापासून वेगळा ठेवा, नाहीतर बाटलीत उरलेल्या दोन थेंबांनी किलोभर रद्दी डागाळते.

दुधाच्या पिशवीचं उदाहरण नीट पाहू, कारण ही वस्तू जवळपास प्रत्येक घरात रोज येते. पिशवीचा कोपरा कापून टाकू नका. अर्धवट चीर द्या, टोक पिशवीलाच लटकत राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सुटला की तो कुठल्याच ढिगात वेचला जात नाही, गटारात जातो. दूध ओतलं की त्याच पिशवीत थोडं पाणी घालून खळखळवा आणि ते पाणी कुंडीत ओता. पिशवी उलटी करून सिंकच्या कडेला चिमट्याने अडकवा. संध्याकाळपर्यंत वाळते. तेवढं केलं की महिनाभर साठवली तरी आंबूस वास येत नाही. दही, ताक, तेल यांच्या पिशव्यांचंही असंच. तेलाची पिशवी मात्र आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, नाहीतर ती बाकीच्यांनाही तेलकट करते.

बाटल्यांना बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची, थंड पेयाची बाटली. २ म्हणजे शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या. ४ मऊ पिशव्या. ५ हॉटेलातून जेवण येतं ते डबे आणि बरीचशी झाकणं. या चारांना बहुधा गिऱ्हाईक मिळतं. ३ म्हणजे पाइपचं पीव्हीसी, ६मध्ये थर्माकोल येतो, ७ म्हणजे बाकी सगळं. यांचं तुमच्या भंगारवाल्याने जे सांगितलं असेल ते. आकडे पाठ करायची गरज नाही. गल्लीत कुणी विचारलं तर दाखवता आले म्हणजे झालं.

कागद वाटतो पण कागद नसतो, अशा काही वस्तू आहेत. चहाचा कागदी कप आतून प्लास्टिकने मढवलेला असतो. दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती, चकचकीत भेटकागद, मेणकागद, तेल प्यायलेलं वडापावचं वर्तमानपत्र, यातलं काहीच रद्दीत घालू नका. उलट औषधाची खोकी, टूथपेस्टची खोकी, लग्नपत्रिका लोक केरात टाकतात. ती पुठ्ठ्यात जातात. पत्रिकेवरची चमकी आणि गोंडे काढले की झालं. ज्यूसच्या, टिकाऊ दुधाच्या चौकोनी खोक्यांत कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे थर असतात. ती कापून, धुऊन, सपाट करून वेगळी ठेवा आणि घेणारा आहे का ते विचारा.

वेफर्स, बिस्किटं, गुटखा यांची चमकदार पाकिटं ही खरी डोकेदुखी. अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने भंगारवाला त्यांना हात लावत नाही. ज्या नगरपरिषदा हा माल गोळा करतात त्या तो सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून पाठवतात. त्यामुळे ही पाकिटं वेगळ्या पिशवीत साठवून गाडीच्या सुक्या कप्प्यात द्या. आणि यांच्याबाबतीत कमी आणणं हाच उपाय आहे, हे शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा. रीसायकल होईल असं खोटं सांगू नका.

आता शेजारी

घरात महिनाभर नीट चाललं की मगच बाहेर पडा. पहिल्या दिवशी पूर्ण गल्ली गाठू नका. ज्यांच्याशी वाटी-वाटी साखरेची देवाणघेवाण आहे अशी आठ-दहा घरं निवडा. सगळं सांगू नका, एकच वस्तू मागा.

“वहिनी, तुमच्याकडच्या दुधाच्या पिशव्या टाकू नका, मला द्या. नुसतं पाणी फिरवून वाळवा. मी महिन्याला सगळ्यांच्या एकदम देते.”

एवढंच. यात उपदेश नाही, उपकार मागितल्यासारखं आहे, आणि शेजारधर्मात असं मागणं कुणी नाकारत नाही. दुसऱ्या महिन्यात बाटल्या, तिसऱ्या महिन्यात पुठ्ठा. एकदम सात प्रकार सांगितले तर लोक हो म्हणतात आणि करत नाहीत.

एक आक्षेप नक्की येतो: “अहो ताई, आम्ही वेगळं दिलं तरी शेवटी गाडीत एकत्रच टाकतात ना!” यावर वाद घालू नका, कारण बऱ्याच ठिकाणी तो खरा असतो. उत्तर असं द्या: “म्हणूनच हा माल गाडीत जाणारच नाही. मावशी परस्पर नेणार आहेत. पहिल्या रविवारी या, डोळ्यांनी बघा.” भंगाराचं दुकान आधी का गाठायला सांगितलं, ते इथे कामी येतं.

घरातला कचरा प्रत्यक्षात कोण हाताळतं, तेही पाहा. बैठकीला पुरुष मंडळी येतात, माना डोलावतात, आणि केर भरते ती कामाला येणारी मावशी. तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. तिच्याशी बोला, पोतं कुठे ठेवलंय ते दाखवा, आणि विक्रीचे पैसे तिला द्यायचं ठरलं तर त्या घरात कधीच चूक होत नाही. मुलांना आकडे शोधायचं काम द्या. आजी-आजोबांना सांगायची गरजच नसते. दोरीची गुंडी, बरणी, पत्र्याचा डबा जपून ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. जुने कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं घेणाऱ्या घरांना पुनर्वापर नव्याने शिकवावा लागत नाही.

ठरलेला दिवस

महिन्यातला एक दिवस पक्का करा. पहिला रविवार सोयीचा, कारण सगळे घरी असतात. वेळ सकाळी नऊ ते दहा. जागा सावलीची आणि पावसात आडोशाची: देवळाचा मंडप, सोसायटीचं पार्किंग, नाहीतर कुणाचा ओटा. चार पोती लावा, प्रत्येकावर नमुन्याची वस्तू बांधा. लिहिलेल्या पाटीपेक्षा लटकवलेली बाटली लवकर कळते. लोकांना आपल्या हाताने त्या त्या पोत्यात टाकू द्या. चुकलं तर हसून उचलून दुसरीकडे टाका, ओरडू नका. पुढच्या महिन्यात तीच व्यक्ती दुसऱ्याला सांगताना दिसेल.

वजनकाटा तिथेच लावा आणि आकडे सगळ्यांसमोर वहीत लिहा: कागद इतका, बाटल्या इतक्या, पिशव्या इतक्या. संध्याकाळी तेवढे आकडे आणि पोत्यांचा एक फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. कुणी आणलं नाही त्याचं नाव टाकू नका. पैशांचं पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर कटकट नको. माल कचरावेचक मावशींना देणार असाल तर पैसे त्यांचेच. गल्लीने विकणार असाल तर हिशोब उघडा ठेवा आणि रक्कम कशाला वापरायची ते सर्वांना विचारा. रक्कम छोटीच असते. तिच्या जोरावर लोक येतील अशी आशा ठेवू नका. जवळ महिला बचत गट असेल आणि दोन-तीन गल्ल्या जोडल्या गेल्या असतील, तर हे काम त्यांच्याकडे देण्यासारखं आहे.

पावसाळ्यात माल भिजतो, पुठ्ठा ओलावतो, काही घरं ढिली पडतात. जून ते सप्टेंबर कागद-पुठ्ठा दर पंधरा दिवसांनी उचलायची सोय करा, बाकीचं महिन्यालाच चालू द्या. दिवस मात्र चुकवू नका. एकदा चुकला की साठवलेलं पोतं कंटाळून गाडीत जातं.

भंगारात न जाणाऱ्या वस्तू

सॅनिटरी पॅड आणि डायपर: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने ठळक ठिपका काढा आणि वेगळे द्या. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात कचरावेचकांसाठी रूढ झाली; पुडीत काय आहे ते उघडून बघावं लागू नये, एवढाच तिचा हेतू. हा विषय काढायला संकोच वाटत असेल तर बायकांनी बायकांशी बोलावं, पण टाळू नये. रोज कुणीतरी हे उघड्या हातांनी उचलतं.

फुटलेली काच, ब्लेड, सुया: जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. अख्ख्या बाटल्या वेगळ्या. इंजेक्शन घेणाऱ्यांनी सुया जाड झाकणाच्या बाटलीत जमवाव्यात आणि त्या दवाखान्यात घेतात का ते विचारावं.

ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. मूळ खोक्यात ठेवा, फोडू नका. मोबाइलची फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या ढिगात दाबली गेली की पेट घेऊ शकते, म्हणून ती सुक्या पोत्यात कधीच नको. इन्व्हर्टरची आणि गाडीची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार बदल्यात घेतो, तिथेच द्या. चार्जर, वायरी, मिक्सर, रिमोट यांचं एक खोकं करा आणि वर्षातून दोनदा नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. नगरपरिषदेकडे त्यांची माहिती मागा. वायर जाळून तांबं काढणाऱ्याला वायर देऊ नका, भाव दोन रुपये जास्त मिळाला तरी.

मुदत संपलेली औषधं संडासात ओतू नका, गोळ्यांसकट पाकीट घातक कचऱ्यात द्या. रंगाचे, कीटकनाशकांचे डबेही तिकडेच.

सणासुदीचं वेळापत्रक

वर्षातले काही दिवस असे आहेत की एरवीचा अंदाज कोलमडतो. त्यांची तयारी आधीच करा. गणपतीत निर्माल्यासाठी मंडपाजवळ वेगळा ड्रम ठेवा, आणि आरतीनंतर कार्यकर्त्यांकडून दोरे, चमकी, प्लास्टिकची फुलं आधीच काढून घ्या. नंतर ओल्या ढिगातून ती निघत नाहीत. महाराष्ट्रात २०१८पासून थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्या-पेल्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२पासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर. तरी महाप्रसादाला ते येतातच. गल्लीने एकदा वर्गणी काढून शंभर स्टीलची ताटं आणि पेले घेतले तर वाढदिवस, सत्यनारायण, बारसं सगळ्यांना पुरतात. ती कुणाच्या घरी राहतील आणि धुऊन कोण परत करेल, हे लेखी ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत वर्षातला सगळ्यात मोठा माल निघतो. माळे रिकामे होतात, वह्या, डबे, मोडकी खेळणी, जुने पडदे बाहेर येतात. हे सगळं एकाच आठवड्यात बाहेर येतं, त्यामुळे गाडी भरून वाहते आणि भंगारवालाही हैराण असतो. दसरा झाला की लगेच त्याला भेटा, तुमच्या गल्लीसाठी जादा फेरीचा दिवस मागून घ्या आणि तारीख गटावर टाका. कपड्यांसाठी त्याच आठवड्यात बोहारणीला बोलावून ठेवा, चांगल्या स्थितीतली पुस्तकं जवळच्या शाळेला किंवा वाचनालयाला विचारून आधी बाजूला काढा, आणि मगच बाकीच्यांची पोती बांधायला घ्या.